तोस्तोनेस: पहिलं तळण मंद, दुसरं कडक

तोस्तोन म्हणजे एकदा तळून, चेपून पुन्हा तळलेला कच्च्या केळ्याचा तुकडा. तो कडेला करकरीत, वरून खुसखुशीत आणि मध्ये उकडलेल्या बटाट्यासारखा मऊ लागायला हवा. तसा तो होणार की चामट होणार, हे दुसऱ्यांदा तेलात पडायच्या आधीच बहुतेक ठरलेलं असतं. केळं किती हिरवं घेतलं, पहिल्या तळणाला आच किती ठेवली आणि तुकडा कढत असताना चेपला की निवल्यावर, यावर सगळं अवलंबून आहे. पुष्कळ जण मात्र पहिलं तळण घाईत उरकतात आणि सगळी मेहनत दुसऱ्यावर घेतात. म्हणून इथे पहिल्या तळणावर आणि चेपण्यावर जास्त लिहिलं आहे.

प्युर्तो रिको, क्युबा आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये याला तोस्तोनेस म्हणतात, कोलंबिया, पनामा, कोस्टा रिका, एक्वादोर या भागांत पाताकोनेस, आणि हैतीत बनान पेझे. नावं वेगळी असली तरी पद्धत सगळीकडे एकच: जाड तुकडे करायचे, मंद तेलात शिजवायचे, चपटे करायचे आणि कडक तेलात पुन्हा तळायचे. केळ मूळची या बेटांवरची नाही. स्पॅनिश लोकांनी १५१६ मध्ये कॅनरी बेटांवरून तिची रोपं हिस्पॅनिओला बेटावर (आजचे हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक) नेली. आज त्या सगळ्या पट्ट्यात कच्चं केळं रोजच्या जेवणात असतं. पातळ चकत्या करून एकदाच तळलेले चिप्स हा तिथला वेगळा पदार्थ. क्युबात त्यांना मारिकितास म्हणतात, एक्वादोर आणि पेरूत चिफ्लेस. त्यांचं तंत्र निराळं आहे, इथे फक्त दोनदा तळायच्या केळ्याबद्दल.

केळं प्लँटेन जातीचं हवं, म्हणजे शिजवून खायचं, लांब, जाड सालीचं, भाजीचं केळं. साल पूर्ण हिरवी आणि केळं दाबून पाहिल्यावर दगडासारखं टणक असायला हवं. देठापाशी जरा जरी पिवळी छटा दिसली तरी ते बाजूला ठेवावं. पिकू लागलं की आतल्या स्टार्चची साखर व्हायला लागते आणि त्या साखरेमुळे दोन त्रास होतात. एक तर तुकडा आतून शिजायच्या आधी बाहेरून लाल होतो, आणि चेपताना तो पसरण्याऐवजी लगदा होऊन कागदाला चिकटतो. असं केळं कितीही वेळ तळलं तरी कडक राहत नाही, ताटात आल्यावर दोन मिनिटांत मऊ पडतं. पिवळं झालेलं केळं फुकट जात नाही. साल जवळजवळ काळी होईपर्यंत थांबावं आणि त्याच्या तिरक्या चकत्या मध्यम तेलात एकदाच तळाव्यात. त्या गोड चकत्यांना तिकडे मादुरोस म्हणतात.

फार धारदार कोनांचं, सडपातळ केळंही टाळावं. ते पुरतं भरलेलं नसतं, गर कमी निघतो आणि तुरट लागतो. कोन दिसतात पण अंगाने भरलेलं आहे, असं केळं सगळ्यात चांगलं. घरी आणल्यावर पिकलेल्या सफरचंदांजवळ किंवा टोमॅटोजवळ ठेवू नये, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे ते लवकर पिकतं. हवेशीर जागी सुटं ठेवलं तरी दोन-तीन दिवसांत वापरून टाकलेलं बरं.

एरवी पिकवून खातो ते केळं कच्चं असताना वापरलं तर चालतं का? चालतं, पण त्यात पाणी जास्त आणि स्टार्च कमी, त्यामुळे तोस्तोन नाजूक होतो. तुकडे दोन सेंटिमीटरचेच ठेवावेत, पहिल्या तळणाचा वेळ थोडा कमी करावा आणि चेपताना हात हलका ठेवावा.

चार जणांसाठी तीन मोठी केळी पुरतात, प्रत्येकी अंदाजे २५० ते ३०० ग्रॅमची. साल काढल्यावर सगळं मिळून अर्धा किलोच्या आसपास गर उरतो आणि त्याचे वीस-बावीस तुकडे होतात. तेल कढईत किमान ३ सेंटिमीटर खोल हवं. मध्यम कढईला ७०० मिलिलिटरच्या आसपास लागतं. तेल रिफाइंड आणि फार वास नसलेलं घ्यावं: सूर्यफूल, शेंगदाणा किंवा मक्याचं. लोण्यात हे होत नाही, त्यातले दुधाचे कण दुसऱ्या तळणाच्या तापमानाला करपतात. याशिवाय अर्धा लिटर पाणी, दोन चहाचे चमचे मीठ (१० ते १२ ग्रॅम) आणि ठेचलेल्या लसणाच्या चार-पाच पाकळ्या. वरून भुरभुरायला बारीक मीठ वेगळं.

हिरव्या केळ्याची साल पिकलेल्यासारखी सुटत नाही आणि तिचा चीक हाताला, कपड्यांना डाग पाडतो. हाताला आधी तेल चोळून घ्यावं. दोन्ही टोकं कापावीत, मग सुरीच्या टोकाने कोनांच्या रेषेवर उभ्या चिरा द्याव्यात, तीन किंवा चार. चीर सालीपुरतीच खोल हवी. गरात सुरी गेली की चेपताना तुकडा नेमका त्याच रेषेवर फाटतो. मग अंगठ्याचं नख किंवा चमच्याची दांडी चिरेतून सालीखाली घालून साल आडवी उचकटावी, वरून खाली ओढू नये. साल फारच चिकट असेल तर चिरा दिलेलं केळं कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवावं, साल सैल होते. गराला हिरव्या सालीचा पापुद्रा चिकटून राहिला तर तो खरवडून काढावा, तळल्यावर तोच भाग चिवट आणि कडवट लागतो.

सोललेलं केळं हवेत राहिलं की काळसर पडतं. लगेच तळायचं नसेल तर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवावं आणि तेलात सोडण्याआधी कापडाने नीट कोरडं करावं. गंजक्या लोखंडी सुरीने कापलं तर रंग आणखी बिघडतो, स्टीलची सुरी बरी.

तुकडे अडीच सेंटिमीटर उंचीचे, सगळे सारखे आणि सरळ कापलेले. तिरके कापले तर दिसायला छान दिसतात, पण चेपताना एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला जाड होतात. चारपेक्षा दोन सेंटिमीटर मापाच्या जवळ राहिलेलं केव्हाही चांगलं, कारण उंच तुकडा आतून शिजायला वेळ लागतो आणि तोवर बाहेरचं कवच कडक होऊन बसतं.

आता पहिलं तळण. या टप्प्याचं काम केळं शिजवणं एवढंच आहे, रंग आणणं नाही. तेल १६० अंशांवर हवं. थंड तुकडे पडले की तापमान झपकन उतरतं, म्हणून १७० पर्यंत तापवून तुकडे सोडावेत आणि मग आच अशी धरावी की ते १६० च्या आसपास टिकेल. थर्मामीटर नसेल तर केळ्याचा छोटा तुकडा टाकून पाहावा. तो तळाशी जाऊन त्याच्याभोवती सावकाश, सारखे बुडबुडे यायला हवेत. टाकताक्षणी जोरात फसफसला तर तेल जास्त तापलंय.

तुकडे कापलेल्या बाजूवर उभे ठेवावेत, कढईत दाटी करू नये, एका वेळी आठ-दहा पुरेत. एका बाजूला तीन ते चार मिनिटं, मग उलटून तेवढाच वेळ. कच्चा गर फिकट पांढुरका असतो, शिजत जातो तसा तो स्वच्छ पिवळा होतो. हा रंग कडेपासून आत सरकताना दिसतो, त्यावर लक्ष ठेवावं. सुरीचं टोक मधोमध घुसवून पाहावं. ते अडखळल्याशिवाय आत गेलं आणि बाहेर येताना कोरडा पांढरा पिठूळपणा लागला नाही, म्हणजे झालं. वरची बाजू पिवळी आणि कडेला जेमतेम सोनेरी असेल तेवढ्यावर थांबायचं. तपकिरी रंग आला म्हणजे वेळ निघून गेली.

१८० अंशांच्या तेलात पहिलं तळण केलं तर काय होतं? दोन मिनिटांत बाहेर कडक कवच धरतं आणि आत स्टार्च कच्चाच राहतो. असा तुकडा चेपला की कवच तडकतं, आतला कच्चा भाग चुरा होऊन बाहेर येतो आणि हातात तोस्तोनऐवजी चार-पाच तुकडे उरतात. पुष्कळदा दोष केळ्याला दिला जातो, असतो तो आचेचा. उलट तेल फारच मंद असेल, १४० च्या खाली, तर तुकडा पंधरा मिनिटं तेलात राहतो, सुकतो आणि तेल पितो. चेपल्यावर तोही भेगाळतोच, पण कोरडेपणाने.

तुकडे काढल्यावर तेल निथळू द्यावं आणि लगेच चेपायला घ्यावं. लगेच म्हणजे मिनिटाभरात. शिजलेला स्टार्च गरम असतो तोवर लवचिक असतो, निवला की घट्ट होतो, आणि गार तुकडा दाबला की पसरायच्या ऐवजी फुटतो. म्हणून सगळे तुकडे तळून मग सगळे चेपायचे, असं करू नये. एक घाणा काढला की आच कमी करून तो चेपून घ्यावा, मग दुसरा घाणा सोडावा. दोघं जण असतील तर एकाने तळावं, दुसऱ्याने चेपावं.

कॅरिबियन घरांत यासाठी तोस्तोनेरा नावाचं साधन असतं: बिजागरीने जोडलेल्या दोन लाकडी फळ्या, त्यातल्या एकीत उथळ खळगा. खळग्यामुळे जाडी आपोआप एकसारखी येते. ते नसेल तर पोळपाटावर तेल लावलेला बटर पेपर, त्यावर तुकडा कापलेल्या बाजूवर उभा, वर पुन्हा कागद, आणि सपाट बुडाच्या जड वाटीने किंवा छोट्या पातेल्याने सरळ खाली दाब. दाब सावकाश आणि उभा द्यावा, वाटी फिरवू नये, तिरकी करू नये. पुरीचा साचाही चालतो, फक्त मूठ पूर्ण आवळायची नाही, नाहीतर तुकडा पापडासारखा पातळ होतो. लाटणं वापरू नये, लाटल्याने केळं एका बाजूला ओढलं जातं आणि मध्ये भोक पडतं.

जाडी ७ ते ८ मिलिमीटर. अडीच सेंटिमीटरचा तुकडा एवढा चेपला की साधारण ६ सेंटिमीटर रुंद होतो, मापाचा अंदाज तिथून येतो. ५ मिलिमीटरपर्यंत नेला तर तोस्तोन सगळाच करकरीत होतो, मऊ गाभा राहत नाही. काहींना तसाच आवडतो आणि त्यात चूक काही नाही. १ सेंटिमीटरच्या वर ठेवला तर मात्र आतली वाफ संपत नाही आणि तीच वाफ पाच मिनिटांत वरचं कवच मऊ करते. चेपल्यावर कडा फाटून दातेरी होतात, त्या बोटांनी नीट करत बसू नये. त्या खडबडीत, पातळ कडाच तळल्यावर सगळ्यात आधी कडक होतात आणि तोस्तोनचा अर्धा आनंद तिथेच असतो.

यानंतरचं लसणाचं पाणी सगळीकडे करत नाहीत, पण करावं असं आमचं ठाम मत आहे. ठेचलेला लसूण आणि मीठ अर्धा लिटर पाण्यात घालून अर्धा तास आधी ठेवावं, मग गाळून घ्यावं. लसणाचा कण राहिला तर तेलात काळा पडतो आणि सगळ्या घाण्याला कडवट वास लावतो. चेपलेला तुकडा या पाण्यात तीन-चार सेकंद बुडवायचा, काढायचा आणि निथळत ठेवायचा. मीठ आतपर्यंत पोचतं, जे वरून भुरभुरून कधीच होत नाही. शिवाय वरच्या शिजलेल्या स्टार्चने धरलेलं पाणी कढत तेलात एकदम वाफ होऊन उडतं आणि पृष्ठभागावर बारीक फोड येतात. ते फोडच दाताखाली कुरकुरतात. जास्त वेळ भिजवलं तर मात्र तुकडा पाणी पितो आणि सुटतो.

तेलात ओला तुकडा टाकणं धोक्याचं, हे वेगळं सांगायला नको तरी सांगतो. कढई निम्म्याच्या वर भरलेली नको, तुकडा जाळीवर मिनिटभर निथळलेला आणि वरून कापडाने टिपलेला हवा, आणि तो झाऱ्यावरून आपल्यापासून लांबच्या बाजूला सोडायचा. घरात लहान मुलं आसपास असतील तर पाण्याची पायरी गाळून कोरडाच तळावा, चवीत थोडा फरक पडेल इतकंच.

दुसऱ्या तळणाला तेल १८५ ते १९० अंश. एका वेळी चार-पाचच तुकडे, कारण आता तापमान उतरलं तर चालणार नाही. सोडल्यावर मोठा आवाज होतो, तेल खवळतं. दीड ते दोन मिनिटांनी उलटावं, पुन्हा तेवढाच वेळ द्यावा. इथे घड्याळापेक्षा कानांवर भरवसा ठेवावा: बुडबुडे बारीक आणि विरळ होतात, फसफसणं उतरून तडतड उरते. म्हणजे वरच्या थरातलं पाणी बरंचसं गेलं. झाऱ्याने टोचल्यावर कट्कट आवाज आला आणि रंग पक्का सोनेरी झाला की काढायचं. गडद तपकिरी होईपर्यंत थांबलं तर कडा कडू लागतात.

काढताना झारा कढईवर दोन-तीनदा झटकावा. तळलेला पदार्थ सगळ्यात जास्त तेल पितो ते बाहेर काढल्यावर, निवताना. आतली वाफ बाहेर पडायची थांबली की पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं, म्हणून त्या पहिल्या काही सेकंदांत जेवढं झटकलं तेवढं कमी. नंतर तारेच्या जाळीवर सुटे मांडावेत आणि तेल अंगावर चकाकत असतानाच बारीक मीठ भुरभुरावं. वाळल्यावर घातलेलं मीठ चिकटत नाही. कागदावर एकावर एक रचून ठेवले तर खालचे आपल्याच वाफेने ओले होतात. झाकण ठेवणं तर नकोच.

बिघडलेल्या घाण्यावरून कारण ओळखता येतं. चेपताना फुटला तर तुकडा आतून कच्चा होता किंवा निवलेला होता. फुटलेला मध्ये पिठूळ पांढरा दिसला तर कच्चा, सगळीकडे पिवळा असूनही फुटला तर निवलेला. कच्चे निघाले तर उरलेले तुकडे पुन्हा मंद तेलात दोन मिनिटं सोडावेत, घाणा वाचतो. निवलेल्यांवरही हाच उपाय लागू पडतो. तेलकट लागत असेल तर दुसऱ्या वेळी तेल पुरतं तापलं नव्हतं. कडा कडक पण मधला भाग चामट, हे जाडी असमान असल्याचं लक्षण. बाहेर पडल्यावर कुरकुरीत होता आणि पाच मिनिटांत मऊ पडला, तर दुसरं तळण अर्धा मिनिट कमी पडलं किंवा केळं पिकू लागलं होतं. आणि तोस्तोन करड्या, मळकट रंगाचा झाला तर सोललेलं केळं हवेत उघडं राहिलं होतं. चवीला त्याने फारसं काही होत नाही.

पाहुण्यांसाठी करायचं असेल तर काम दोन भागांत विभागता येतं, आणि या पदार्थाची ही मोठी सोय आहे. पहिलं तळण करून चेपलेले तुकडे ताटात सुटे मांडून फ्रीझरमध्ये दोन तास गोठवावेत, मग पिशवीत भरावेत. महिनाभर चांगले राहतात. तळताना बाहेर काढून सैल करायचे नाहीत, वितळलेलं पाणी तेलात उडतं आणि तुकडा मऊ पडतो. अंगावरचा बर्फ झटकून थेट १८० अंशांच्या तेलात, थोडे थोडे, आणि प्रत्येक बाजूला अर्धा मिनिट जास्त. गोठवायच्या तुकड्यांना लसणाचं पाणी लावू नये. पूर्ण तळून झालेले तोस्तोनेस मात्र ठेवण्यात अर्थ नाही. गार होताना आतला स्टार्च घट्ट होतो आणि दुसऱ्या दिवशी तो पुठ्ठा होऊन बसतो. मायक्रोवेव्हने तर आणखी चिवट होतो. उरलेच तर २०० अंशांच्या ओव्हनमध्ये पाच-सहा मिनिटं, बऱ्यापैकी परततात.

एअर फ्रायरमध्ये तुकड्यांना तेल चोळून २०० अंशांवर आठ-दहा मिनिटं, सुरी आत जाईपर्यंत. मग चेपणं, दोन्ही बाजूंना तेलाचा ब्रश, आणि पुन्हा २०० वर सात-आठ मिनिटं, मध्ये एकदा उलटून. कोरडे आणि टणक होतात, तळलेल्याची खुसखुशीत कड येत नाही. तेल कमी खायचं असेल त्यांनी जरूर करावेत, पण त्यावरून मूळ पदार्थाची परीक्षा करू नये.

तेल परत वापरता येतं, दोन-तीनदा. निवल्यावर कापडातून गाळावं. लसणाचे किंवा केळ्याचे कण राहिले तर ते पुढच्या वेळी जळतात. फेस धरू लागलं किंवा खवट वास आला की टाकून द्यावं.

सोबतीला क्युबात मोहो देतात. लसणाच्या सहा पाकळ्या अर्धा चमचा मिठाबरोबर खलबत्त्यात कुटायच्या, पाव वाटी आंबट संत्र्याचा रस घालायचा (नसेल तर साध्या संत्र्याचा आणि लिंबाचा रस निम्मा-निम्मा) आणि पाव वाटी ऑलिव्ह तेल गरम करून वरून ओतायचं. ते चरचरलं पाहिजे, पण लसूण लाल व्हायला नको. प्युर्तो रिकोत मेयोनेझ आणि केचप दोनास एक प्रमाणात लसूण घालून कालवतात. हैतीत व्हिनेगरमध्ये मुरवलेली कोबी-गाजर आणि तिखट मिरची, म्हणजे पिक्लीझ, आणि तेलकटपणावर याहून चांगला उतारा नाही. कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर तळलेला मासा, नारळाचा भात आणि पाताकोनेस एकाच ताटात येतात. व्हेनेझुएलातल्या मराकाइबोत तर केळं लांबट चेपून त्याच्या दोन थरांमध्ये मांस, चीज आणि सॅलड भरतात, पावाच्या जागी. तसं करायचं असेल तर अर्धं केळं उभं तसंच पहिल्या तळणाला सोडावं, वेळ दहा ते बारा मिनिटं धरावा आणि चेपायला मोठं पातेलं घ्यावं. चटणी आधी करून ठेवावी, ताटं मांडून ठेवावीत आणि दुसरं तळण सगळ्यात शेवटी घ्यावं, कारण जाळीवरून उचलल्यापासून फार तर दहा मिनिटंच तोस्तोन आपल्या खऱ्या कुरकुरीतपणात राहतो.